जोडी सुटलेल्या कात्र्या

"दोरे कुणी कापले?"

"मी कापले. आणि ओरडू नका, तोंडातला कापूस बाहेर येईल."

"येऊ दे! सगळे कापले?"

"सगळे. एखादा राहिला असेल तर दाखवा, तोही कापते."

"वहिनी, तुम्ही... अहो, तुम्ही जोड्या मोडल्यात!"

"मोडल्या कसल्या? लावल्या. वरची पाती या पेटीत, खालची त्या पेटीत. बघा तरी, किती छान दिसतंय! मोठ्या कारखान्यात असंच असतं. सोमवारी त्या बाई आल्या की काय दाखवायचं त्यांना? हा जमिनीवरचा पसारा?"

"पसारा नव्हता तो!" जोडारीकाकांनी एका हातानं सुजलेला गाल धरला, दुसऱ्या हातानं पेटीतलं एक पातं उचलून मावशीच्या नाकासमोर धरलं. "याचा जोडीदार कुठाय?"

"त्या पेटीत."

"त्या पेटीत पाचशे आहेत!"

"मग त्यातलं कुठलंही घ्या. नवीन साच्यातली आहेत ना? मग सगळी सारखीच की. जुन्या हातठोकीच्या पात्यांना दोरा लागायचा. आता साचा आणलाय तो कशाला, शोभेला?"

दाढ काढून घरी येऊन काकांना पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी दुसऱ्या पेटीतलं हाताला लागेल ते पातं घेतलं, दोन्हींच्या भोकांतून खिळा सरकवला आणि खिशातल्या फडक्यावर कात्री चालवली. मधोमध नीट कापलं. टोकाला आल्यावर कात्रीनं फडकं चघळलं. पातं बदललं. आता मुळाशीच अडकली. तिसरं घेतलं. ते तर दुसऱ्याच्या जवळ जायलाच तयार नव्हतं. दोघांच्या मधून समोरची खिडकी दिसत होती.

"साचा सारखा असतो," काका कापसातून म्हणाले. "भट्टी नसते. तापवून पाण्यात टाकलं की प्रत्येक पातं आपापल्या मनानं वाकतं. मग आपण त्यातली पटणारी दोन शोधतो, एकत्र घासतो आणि दोरा बांधतो. गेले पंधरा दिवस मी हेच करत होतो. तुम्हाला माहीत नाही होय हे?"

माहीत होतं. मावशीला नाही तर कुणाला माहीत असणार? ती उलट्या ठेवलेल्या डब्यावर मटकन बसली.

"म्हणा, चूक झाली."

"फार दुखतंय का हो?"

"विषय बदलू नका. चूक झाली म्हणा."

"गोळी घ्या. जेवणानंतरची आहे," असं म्हणून मावशी उठली आणि भात टाकायला माडीवर निघून गेली.

या दोघांचं भांडण हा त्या घरातला रेडिओ होता. सकाळी लागायचा, जेवताना चालू असायचा, कुणी आजारी असलं की जरा बारीक व्हायचा. मी शिकायला मावशीकडे राहिले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटायचं, आज हे घर फुटणार. पुढे कळलं की ते घर या भांडणाच्या खिळ्यावरच तर उभं आहे. काका तिचे धाकटे दीर. कात्रीची दोन पाती एकमेकांना जोडायचं काम ते करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना जोडारी म्हणायची. मावशीला म्हणायची कात्रीबाई. तिला ते आवडायचं नाही आणि दुसरं काही म्हटलेलंही चालायचं नाही.

कारखाना म्हणजे खाली तीन खोल्या. पहिलीत भट्टी, मधल्या खोलीत घासायची चाकं, तिसरीत जोडारीकाकांचं टेबल आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. वर राहायचं घर. आमटीला फोडणी बसली की खाली भट्टीवाला शिंकायचा आणि खाली चाक सुरू झालं की वर ताटं थरथरायची. तयार झालेल्या प्रत्येक कात्रीवर एक ठसा पडायचा. उघडी चोच, बारीक शेपटी. चिमणी छाप.

एके काळी त्या गल्लीत दारोदार कात्र्या व्हायच्या. मग बाहेरच्या देशातून लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या मुठींच्या कात्र्या आल्या. दिसायला गोंडस, भावाला उतरलेल्या. एकेक भट्टी विझली. एकानं गोदाम भाड्यानं दिलं, दुसऱ्यानं मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. त्यातच मावशीचे यजमान गेले. आलेल्या प्रत्येकानं सांत्वन करता करता दुकान कधी बंद करणार ते विचारून घेतलं. मावशीनं तोवर चाकाला हात लावला नव्हता. एका सकाळी ती यजमानांचा चामड्याचा अॅप्रन घालून खाली उतरली.

"भावोजी, मला घासायला शिकवा."

"हात कापेल, वहिनी."

"कापला तर पातं चांगलं झालं म्हणायचं."

कापलाच. त्या पात्यानं तिच्या अंगठ्यावर जी रेघ ओढली, ती मावशी गिऱ्हाइकांना दाखवायची. "बघा, माझी पहिली कात्री."

तरी दिवस ओढगस्तीचेच होते. मग एक वर्ष असं आलं की बाहेरून येणारा मालच थांबला. बंदरात जहाजं नुसती उभी. प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री बोथट झाली तर नवी मिळेना आणि जुनीला धार लागेना. तिचा खिळा उघडायचा म्हणजे कात्रीच फोडायची. तेव्हा गावातले शिंपी, पडदे शिवणाऱ्या बाया, सलूनवाले, सगळे वाट चुकलेल्यासारखे आमच्या गल्लीत आले. मावशी त्यांना हसली नाही. काका हसले. पोटभर हसले. मग दोघांनी मिळून प्रत्येकाची कात्री मार्गी लावली. जी लागली नाही तिच्या जागी चिमणी दिली.

तिथून कारखान्यात पुन्हा जीव आला. आणि त्याच्यावर मावशीचं एकटीचं पोट नव्हतं. कात्रीचं लोखंड यायचं भंगारवाल्याकडून, मोडक्या मालमोटारींच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून. मुठी ओतायचा पलीकडच्या बोळातला ओतारी. खोकी करायची कोपऱ्यावरची खोकेवाली. चिमणीनं चोच उघडली की इतकी घरं जेवायची. देशाची अर्थव्यवस्था वगैरे शब्द मी भाषणांत ऐकलेत. तो शब्द आला की मला कुठली उंच इमारत दिसत नाही. मला खोकेवाली दिसते, गोंदाचा डबा काखेत धरून मावशीला विचारताना, "या महिन्यात किती करू गं?"

आणि आता ती सोमवारची ऑर्डर.

खेडोपाडी शिवणवर्ग निघणार होते. प्रत्येक वर्गाला शिवणाच्या पेट्या मिळायच्या होत्या आणि सरकारचा नियम होता, की पेटीतली प्रत्येक वस्तू देशातच केलेली हवी. खरेदीच्या बाई आमच्या गल्लीत आल्या तेव्हा दमलेल्या होत्या. "सुई मिळाली, टेप मिळाली, अंगुस्तान मिळालं," त्या म्हणाल्या होत्या. "कात्री म्हटलं की सगळे बाहेरची आणतात आणि स्वतःचा ठसा मारून पुढे करतात. तुम्ही खरंच इथं करता?" मावशीनं त्यांना भट्टीपाशी उभं केलं. बाईंच्या चष्म्यावर वाफ आली. "करता," त्या म्हणाल्या.

आधी पाचशेचा पहिला हप्ता. तो बाई स्वतः येऊन तपासणार. पटला तर वर्षभराचं काम. त्याच भरवशावर नवा साचा आणला होता. मावशी आतून घाबरलेली होती. त्या भीतीपायी तिनं शनिवारी, काका दाढ काढायला गेल्याचा मुहूर्त साधून, कारखाना 'मोठ्या कारखान्यासारखा' करून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

संध्याकाळी ताई आली. ताई म्हणजे मावशीची मुलगी, विक्रीचं सगळं तीच बघायची. तिनं दोन पेट्या बघितल्या, दोघांचे चेहरे बघितले आणि पर्स न काढताच विचारलं, "काका, सोमवारपर्यंत किती होतील?"

"जोडी सापडलेली असली की हात झरझर चालतो गं. इथं आधी जोडीदार शोधा, मग हातोडीनं बाक द्या, मग घासा. निम्म्याही नाही."

"पात्यांवर नंबर का नाही टाकत आपण?"

"दोरा पुरत होता."

"पुरला ना!" ताई खुर्चीत बसली. "आई, ऐक. ही ऑर्डर गेली तर साचा भंगारात जाईल आणि या खोल्यांना आपण भाडेकरू शोधू. हे तुलाही माहीत आहे. मी घाऊकवाल्याला फोन करते."

मावशी भिंतीकडे बघत राहिली. फोन झाला.

घाऊक व्यापारी तासाभरात हजर. हसतमुख माणूस; कुणाच्याही घरी अडचण असली की त्याचा चेहरा आणखी उजळायचा. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं, त्यातली एक कात्री काढून कट्कट् वाजवली.

"बघा बाई. अगदी तुमच्यासारखीच. तुमचीच बघून केलीय म्हणा ना तिकडच्यांनी. चिमणीची जागासुद्धा मोकळी सोडलीय."

"कापते का?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काय! सहा महिने तर कुठं जात नाही."

"आणि सातव्या महिन्यात?"

"सातव्या महिन्यात पेट्या तपासायला कोण जातंय, जोडारीबुवा?"

काकांनी मावशीकडे पाहिलं. ताईनं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "खोकं कोपऱ्यात ठेवा." हो नाही, नको नाही. व्यापाऱ्यानं ते 'हो' समजून घेतलं. काका जेवायला गेले, आणि जेवताना रेडिओ लागला नाही. मला तेव्हा खरी धडकी भरली.

जेवण झाल्यावर मावशी मला म्हणाली, "चल जरा. शिंपीकाकांना सांगून येऊ, त्यांच्या कात्रीला उशीर होईल म्हणून."

एवढ्यासाठी कोण जातं? पण ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, म्हणून मी चपला घातल्या.

शिंपीकाकांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. ओठांत टाचण्यांची रांग धरून ते एका कोटाची बाही बेतत होते.

"तुमची मोठी कात्री सोमवारनंतरच मिळेल," मावशी म्हणाली.

"हं."

"जरा काम अडलंय."

"हं."

"मोठं काही नाही. थोडंसंच."

शिंपीकाकांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या. "कात्रीबाई, हातातला खडू खाली ठेवा. तुकडे केलेत त्याचे."

मावशीनं हाताकडे पाहिलं. मूठभर निळा भुगा. मग तिनं सगळं सांगितलं. दोरे, पेट्या, साचा, व्यापाऱ्याचं खोकं. शिंपीकाका ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले.

"एका दुपारी पाचशे घटस्फोट!" ते म्हणाले. "कोर्टालासुद्धा जमत नाही हो!"

"हसा. हसून घ्या."

"हसत नाहीये. उद्या रविवार. माझं दुकान बंदच असतं. पडदेवाल्या बाईंना मी सांगतो, सलूनवाल्याला तुम्ही सांगा. आम्हाला बाक द्यायला येत नाही, पण कात्री टोकापर्यंत कापणार की चघळणार, हे हाताला कळतं. आमचा जन्म त्यातच गेलाय. आम्ही जोड्या शोधू, जोडारी पुढचं बघेल."

"मला उपकार नकोत कुणाचे."

"उपकार?" शिंपीकाकांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरायला घेतल्या. "तुम्ही बंद केलंत तर धार लावायला मी कुठं जाऊ? जहाजानं पाठवू?"

रविवारी सकाळी भट्टीला सुट्टी आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही, असं पहिल्यांदाच झालं. शिंपीकाका त्यांच्या दोन कारागिरांना घेऊन आले, पडदेवाल्या बाई आपली बसायची उशी घेऊन आल्या, सलूनवाला आला, खोकेवाली आली. प्रत्येकासमोर वरच्या पात्यांचा एक ढीग, खालच्यांचा एक. मधे जोडारीकाका, गालावरून डोक्यापर्यंत फडकं बांधलेले. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, त्यामुळे त्यांचं सगळं हातवाऱ्यांनी. पातं असं धरायचं. खिळा असा घालायचा. खिडकीकडे तोंड करून बघायचं, दोघांमधून उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे, पण टोकं टेकलेली पाहिजेत. मग हळूच मिटायचं. आवाज मुळापासून टोकापर्यंत एकसारखा आला की जोडी. मधेच खरखरलं की वेगळे व्हा. पुढे नाटकांचे कपडे शिवताना मी तालमी पुष्कळ पाहिल्या, पण एकही शब्द न बोलता इतक्या माणसांना हलवणारा दिग्दर्शक पुन्हा पाहिला नाही.

"ही मला आवडली हो," सलूनवाला दोन पाती उजेडात धरून म्हणाला, "पण ती काही माझ्याजवळ येत नाही."

"तुझ्या घरूनही हेच ऐकू येतं," पडदेवाल्या बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या हातात ते वरचंच आहे. दोन वरची कशी जुळतील?"

"का? माझ्या दोन जावांचं जुळतं की!"

खोकेवाली हसून मागे कलंडली. हसू फुटू नये म्हणून काकांनी गाल दाबून धरला आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

जुळलेली जोडी बांधायला दोरा नव्हता. शिंपीकाकांनी पोतंभर चिंध्या आणल्या होत्या. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या, कुणाच्या तरी सदऱ्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या. दुपारपर्यंत टेबलावर रंगीत गाठींची रास झाली आणि काका तिच्यातून एकेक जोडी उचलून लहान हातोडीनं तिला शेवटचा बाक देऊ लागले.

मावशी कुठंच बसत नव्हती. चहा आण, बशा उचल, पुन्हा चहा आण. एकदाही तिच्या तोंडून 'बरं झालं आलात' निघालं नाही. पडदेवाल्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "तुझ्या मावशीच्या तोंडातही कापूस आहे का गं?" एवढ्यात मधल्या खोलीत चाक सुरू झालं. मी डोकावले. मावशीनं आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीतून त्याची कामाची कात्री हळूच काढून घेतली होती आणि एकेकीला धार लावत होती. सलूनवाल्याची बारीक कात्री तर तिनं तिसऱ्यांदा चाकाला लावली, अंगठ्यावर घासून बघितली, चौथ्यांदा लावली. संध्याकाळी ज्याची त्याची कात्री ज्याच्या त्याच्या पिशवीत परत गेली. निघताना शिंपीकाकांनी दारात थांबून पिशवी कानाशी हलवली आणि म्हणाले, "हं. वाजतेय वेगळी."

तरीही काही पाती उरलीच. हट्टी, कुणाशीच न पटणारी. काका त्यांच्याशी झगडले, पण सोमवारी सकाळी मोजदाद झाली तेव्हा शंभरावर कात्र्या कमी होत्या.

व्यापारी सकाळीच येऊन बसला होता. ताईनं त्याचं खोकं टेबलावर घेतलं. चिमणीचा ठसा आणि हातोडी तिच्या हातात होती. पण अजून एकही ठसा तिनं मारला नव्हता, हे मी तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ती वाईट नव्हती. खोल्यांना भाडेकरू शोधायची पाळी आली असती तर ते तिलाच शोधावे लागले असते.

"आई, शेवटचं विचारते."

मावशीऐवजी काका बोलले. आज फडकं नव्हतं, गाल बराच उतरला होता. "मार ठसा."

मावशी गर्रकन वळली. "काय म्हणालात?"

"मार म्हणालो. माझ्यानं होत नाही आता, वहिनी. एका दोऱ्यापायी तुमचा एवढ्या वर्षांचा कारखाना बुडालेला मला बघवायचा नाही. शंभर कात्र्यांनी काय होतंय? पुढच्या हप्त्याला सगळ्या आपल्या देऊ."

"डॉक्टरांनी दाढ काढली की अक्कल?"

"वहिनी, मी तुमच्यासाठी..."

"कळतंय. कळतंय मला ते." तिनं खोक्यातली एक कात्री घेतली, आणि अॅप्रनच्या खिशातून चिंधी काढून कापायला लागली. मधोमध छान चालली. टोकाला चिंधी पात्यांत मुडपली. "बघा. ही कात्री कुणाच्या हातात जाणार? शिवणवर्गातल्या पोरीच्या. पहिल्यांदाच कात्री धरलेली असेल तिनं. कापड असं चघळलं की तिला काय वाटेल? कात्री वाईट आहे असं वाटेल? नाही. तिला वाटेल, आपला हात वाईट. आपल्याला जमायचं नाही. मग ती घरी बसेल. मी चाकावर बसले तेव्हा पहिला महिना मलाही तेच वाटायचं. मला सांगायला भावोजी होते, की वहिनी, तुमचा हात नाही, चाक वाकडं आहे. त्या पोरीला कोण सांगणार? ही चिमणी?"

व्यापाऱ्यानं घसा साफ केला. "बाई, भावना वेगळी, धंदा वेगळा..."

"खोकं उचला."

ताईनं ठसा खाली ठेवला. मला वाटतं, तिनंच सुटकेचा श्वास सोडला.

व्यापारी खोकं घेऊन दारात आणि खरेदीच्या बाई दारात, असं एकदमच झालं. बाईंची नजर टेबलावर गेली. "हे काय? चिंध्या?"

"पाचशे नाहीत," मावशी म्हणाली. बाईंना बसा म्हणायचंही राहिलं. "शंभरावर कमी आहेत. शनिवारी जोड्या सुटल्या. काल सगळ्या गल्लीनं बसून परत लावल्या. जेवढ्या आहेत तेवढ्या आमच्या आहेत."

बाईंनी एक लाल गाठ सोडली, दुसरी सोडली. पर्समधून जाड कापड काढलं. आणलंच होतं त्यांनी. चार घड्या करून कात्री चालवली. टोकापर्यंत. मग फुलाफुलांच्या गाठीची घेतली. मग पट्ट्यापट्ट्यांची. खोलीत बराच वेळ तेवढाच आवाज होता, आणि जोडारीकाका डोळे मिटून तो ऐकत होते.

"चांगल्या आहेत," बाई म्हणाल्या. "या मी घेते. पण पाचशे पूर्ण नाहीत, तर वर्षाचं सगळं काम एकट्या तुम्हाला देता येणार नाही. निम्मं दुसरीकडे द्यावं लागेल. डोंगरापलीकडे चार जण आहेत, नव्यानंच सुरू केलंय त्यांनी."

"स्वतः करतात?"

"भट्टी पाहिलीय मी."

"मग द्या त्यांना," मावशी म्हणाली. "आणि साचा कसा असतो ते बघायचं असेल तर इथं या म्हणावं."

ताईनं कपाळाला हात लावला. बाई पहिल्यांदाच हसल्या.

ती निम्मी ऑर्डर कारखान्याला पुरली. डोंगरापलीकडचे चौघे खरंच आले, साचा बघून गेले, काकांच्या हाताचं बोलणं ऐकून गेले. ताईनं एक बारीक पंच करून घेतला. आता प्रत्येक जोडीच्या दोन्ही पात्यांना आतून सारखेच ठिपके असतात. माझ्या शिवणाच्या डब्यातल्या कात्रीलाही आहेत. नाटकाचे कपडे बेतताना टोकापर्यंत कापड सरळ जातं, तेव्हा त्या रविवारी जमिनीवर बसलेली सगळी माणसं मला आठवतात. त्यांच्यातल्या कुणी देशासाठी काही केलं असं म्हटलं, तर ते मागे वळून बघतील, कुणाबद्दल चाललंय म्हणून.

पण हे पुढचं. त्या सोमवारी, कात्र्या घेऊन टेम्पो गेला आणि खालच्या खोलीत आम्ही तिघंच उरलो. मी चिंध्या गोळा करत होते. जोडारीकाकांनी उरलेल्या हट्टी पात्यांतली दोन उचलली, खिडकीशी धरली, मिटली. एकसारखा आवाज आला. इतका वेळ ती दोन्ही एकाच ढिगात पडून होती.

"सापडली," काका म्हणाले. "बांधायला दोरा द्या."

"दोरा कुठला? संपला."

"हो का? कुणी संपवला?"

मावशी टेबलावरची धूळ पुसत राहिली.

"वहिनी, आता माझ्या तोंडात कापूस नाही. नीट विचारतो. चूक झाली म्हणा. दोनच शब्द आहेत."

मावशीनं फडकं झटकलं. अॅप्रन काढून खुंटीला अडकवला. दारामागची पिशवी घेतली, चपला पायांत सरकवल्या.

"वहिनी! अहो, मी काहीतरी विचारतोय!"

ती दारापुढच्या पायऱ्या उतरली आणि गल्लीच्या टोकाला, गुंड्या-दोऱ्यांच्या दुकानाच्या दिशेनं चालू लागली.